दुपारच्या पेपराआधी

नाना, आत्ता माझा पेपर चालू आहे आणि मी परीक्षेच्या वर्गात नाही. कॉलेजच्या मागच्या गेटाबाहेर एक रसवंती आहे, तिच्या बाकावर बसून मी तुम्हाला लिहिते आहे. परीक्षा आमच्या खात्याची आहे, बढतीसाठी पास व्हावी लागते ती. तुम्ही पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात असताना द्यायचात ना, तशीच. खातं तेवढं निराळं. सकाळी एक पेपर, दुपारी एक. सकाळी तुमच्या जावयांनी स्कूटरवरून पुढच्या गेटाशी सोडलं आणि मी आत जाईपर्यंत ते थांबून राहिले. घरून निघताना तुमच्या नातीने हातावर दही-साखर ठेवली, स्वतःचं नवं पेन दिलं, आणि वर “प्रश्नपत्रिका आधी शेवटपर्यंत वाच” असं बजावलं. हे वाक्य तिला मीच शिकवलेलं. पेन छान चालतंय. त्याच पेनाने हे लिहिते आहे, आणि सरावासाठी आणलेले फुलस्केप कागद अजून पुष्कळ उरलेत.

आत गेले होते, अगदीच गेले नाही असं नाही. बोर्डावर नंबर पाहिला, ब्लॉक चार, पहिला मजला. जिन्याच्या वळणावर पंचविशीतला एक मुलगा हॉल तिकीट हातात धरून गोंधळल्यासारखा उभा होता. मला पाहून तो एकदम सावरला आणि म्हणाला, “मॅडम, ब्लॉक चार कुठे? आणि बॅग आत चालते का?” माझी कडक इस्त्रीची साडी, चष्मा, पांढरे व्हायला लागलेले केस. त्याला मी पर्यवेक्षक वाटले. दुसरं कुणी असतं तर हसून म्हटलं असतं, अरे बाबा, मीपण परीक्षेलाच आलेय, चल बरोबर. मी काय केलं, तर हात लांब करून वाट दाखवली. सरळ जा, उजवीकडची शेवटची खोली, बॅगा बाहेर ठेवायच्या, मोबाइल बंद. अगदी ठसक्यात. तो “थँक्यू मॅडम” म्हणून गेला. त्याच्या मागून आणखी दोघं आली, त्यांनाही मी वाट दाखवली. मग बेल झाली आणि माझ्या लक्षात आलं की आता मलाही त्याच खोलीत जायचंय, आणि त्या तिघांच्या अधेमधे एखाद्या बाकावर बसून पर्यवेक्षकाला हॉल तिकीट दाखवायचंय. पाय उचलेना. जिना उतरले, ग्रंथालयाच्या बाजूने मागे गेले आणि मागच्या गेटातून बाहेर पडले. वॉचमनने सलाम केला. त्यालाही मी मॅडमच वाटले असणार.

रसवंतीवाल्या बाई तेव्हा उसाच्या मोळ्या सोडत होत्या. त्यांनी माझ्या हातातली पारदर्शक पिशवी पाहिली, तिच्यातलं हॉल तिकीट पाहिलं. “ताई, तुमचा पेपर नाय का? पोरं तर कवाच आत गेली.” मी म्हटलं, माझा दुपारचा आहे. त्यांनी काही शंका घेतली नाही. उलट, मग इथंच निवांत वाचत बसा म्हणाल्या आणि टेबलफॅन माझ्याकडे फिरवला. एवढ्या भल्या सकाळी माझ्याशी कुणी इतकं चांगलं वागायला नको होतं. मी पुस्तक उघडलं, मिटलं, आणि कागद पुढे ओढले.

तुमच्या लेकीने पेपर बुडवला यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कळवणच्या शाळेत असताना मी तापाने फणफणलेली असूनही सहामाहीचा भूगोलाचा पेपर देऊन आले होते, आणि पोरीला हे असलं वेड तुम्हीच लावलंत म्हणून आईने तुम्हाला बोल लावला होता. खरं तर तुम्ही काही लावलं नव्हतं. मला पेपर आवडायचे. मला विषय इतरांपेक्षा जास्त यायचे असंही नाही. मला पेपर लिहिता यायचा. ही वेगळी विद्या आहे आणि ती मला कुणी न शिकवता आली होती. प्रश्नपत्रिका हातात पडली की पेनाला हात न लावता आधी पुरती वाचायची. जे उत्तर पक्कं येतं ते पहिल्या पानावर, कारण तपासणारा पहिल्या पानावरच तुमच्याबद्दल मत करून घेतो. नव्या प्रश्नाला नवं पान. मुद्द्याखाली पेन्सिलीने रेघ, पण ऊठसूट प्रत्येक ओळीखाली नाही. न येणारा प्रश्नसुद्धा कोरा सोडायचा नाही, येतं तेवढं नीटनेटकं मांडायचं, आणि शेवटी थोडा वेळ नुसता वाचायला राखायचा. तपासणारे बिचारे दमलेले असतात, त्यांना गुण शोधायला लावायचे नाहीत, त्यांच्या हातात नेऊन द्यायचे. शाळेतल्या बाई माझे पेपर दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवायच्या. तुम्ही तर ऑफिसात न्यायचात, आणि तुमचे हेडक्लार्क चष्मा लावून ते असे वाचायचे, जणू खाली त्यांना सही करायची आहे.

माझं दहावीचं वर्ष आणि तुमच्या परीक्षेचं वर्ष एकच आलं. तुमची ती पहिली वेळ नव्हती. तुम्ही तेव्हा आत्ताच्या माझ्यापेक्षा जरा लहानच असाल, पण मला तुम्ही म्हातारे वाटायचात. संध्याकाळी ऑफिसातून आलात की हातपाय धुऊन, चहा पिऊन तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसता, नियमांचं जाडजूड पुस्तक मांडीवर. समोर मी माझा पसारा मांडून. आई ओट्याशी भाकरी थापते आहे. तुम्ही एकच परिच्छेद मोठ्याने पुन्हा पुन्हा वाचता. रजा, प्रवासभत्ता, निलंबन. वाचताना मान हलवता, सगळं पटल्यासारखी. मग पुस्तक मिटता आणि माझ्याकडे बघून हसता, कारण मिटल्याबरोबर सगळं गेलेलं असतं. त्या वर्षी मीच तुम्हाला हाताशी धरलं. नुसतं वाचून काही होत नाही नाना, उत्तरं लिहून काढा, मी तपासते, असं म्हणाले. तुम्ही ऑफिसातून येताना पाठकोरे कागद घेऊन यायला लागलात.

तुमचं पहिलं उत्तर मला अजून पाठ आहे. प्रश्न असा होता की एक कर्मचारी परवानगी न घेता रजेवर गेला, परत आल्यावर आजारपणाचा दाखलाही त्याने दिला नाही, तर आपण काय कराल? तुम्ही पानभर लिहिलंत, आणि अक्षर माझ्यापेक्षा सुंदर. ‘उपरोक्त विषयाबाबत सविनय सादर करण्यात येते की’ इथपासून सुरुवात. सदर कर्मचारी कधी गेला, कधी आला, नियम काय म्हणतो, पूर्वी अशा प्रकरणात काय झालं होतं, सगळं मुद्देसूद. आणि शेवटी, ‘तरी याबाबत योग्य त्या आदेशार्थ सादर.’ त्याच्या खाली उजव्या हाताला साहेबांच्या सहीसाठी जागा सोडलेली. मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. आई पिठाचे हात घेऊन बघायला आली. मी तिला समजावलं की नानांनी उत्तर दिलंच नाहीये, फाइल तपासणाऱ्याकडेच परत पाठवलीये. तीही हसली. तुम्हाला मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळेना. ऑफिसात शुद्ध बोलायचात तुम्ही, पण घरी नामपूरची बोली तोंडात यायची.

“मंग निर्णय कोन घेनार, आपन? त्याले साहेब शे ना, माय.”

मी म्हटलं, “नाना, पेपरात साहेब तुम्हीच असता.”

तुम्ही तो कागद बाजूला सारलात. मग एक नवा कागद घेतलात आणि मी सांगत गेले तसं लिहीत गेलात. मी म्हणाले, लिहा, ‘मी त्याची ही रजा विनावेतन धरीन.’ तुम्ही ‘मी’ लिहिलंत आणि थांबलात. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तुम्ही कागदावर ‘मी’ कधी लिहिलाच नव्हता. ‘या कार्यालयाने’, ‘अधोस्वाक्षरीत’, ‘सदर’; माणूस म्हणून कुठे नाव नाही. तो एक शब्द लिहून तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि बोटं मोडलीत, मोठं ओझं उतरवल्यासारखी. मग मला विचारलंत की आणि समजा तो खरंच आजारी असला तर? मी वैतागले. म्हटलं, नाना, तो माणूसच नाहीये, तो प्रश्न आहे. पुढे रोज संध्याकाळी आपला हाच सराव चालायचा. माझा स्वतःचा अभ्यास त्यातून वेळ काढून. तुमचं वाक्य हळूहळू ‘मी’पासून सुरू व्हायला लागलं, पण ते संपेपर्यंत साहेब कुठून तरी आत शिरायचेच.

परीक्षेला तुम्ही एसटीने नाशिकला गेलात, आत्याकडे उतरलात, परत आलात. पेपर कसा गेला हे मी विचारलं तेव्हा म्हणालात, पहिल्या उत्तरात ‘मी’ लिहिला, दुसऱ्यातही लिहिला, मग समोर पर्यवेक्षक येऊन उभे राहिले आणि त्यांच्यासमोर काही ते लिहवेना. निकाल लागला तेव्हा मी माझ्या बोर्डाच्या मार्कांच्या गुंगीत होते. घरी येणारे-जाणारे, हार, शाळेतला सत्कार. त्या गडबडीत एका संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून आलात आणि उंबऱ्याच्या बाहेर, चपला पायातच असताना, नेहमीच्या आवाजात म्हणालात, “यंदाबी नापास.” शेजारच्या काकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, त्यांनी ऐकलं. घरमालकांनी ऐकलं. माझं अभिनंदन करायला आलेल्या माझ्या मैत्रिणीने ऐकलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आईने हळूच म्हटलं, आत येऊन सांगायचं ना. तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, “चोरी करी का काही?”

दरवेळी तुमचं असंच. आणि ऑफिसातही दुसऱ्या दिवशी कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगून मोकळे. मला तेव्हा वाटायचं, या माणसाला काही वाटत कसं नाही. पुढे मी बारावीत असताना तुमची वयाची अट पुरी झाली आणि खात्याने तुम्हाला परीक्षेतून सूट दिली. ज्यांचं ठरावीक वय होतं त्यांना मग पास व्हावं लागत नाही, तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी तुम्ही पेढे आणलेत. तुम्ही आयुष्यात ज्या दोन-चार वेळा पेढे आणलेत त्यातली ही एक. शेजारीपाजारी वाटून आलात. काकूंनी कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणालात, “सरकारनी माले इचारानं सोडी दिधं.” म्हणजे आता सरकार मला काही विचारणार नाही. त्या इतक्या हसल्या की तुम्हीही हसायला लागलात. मी माझ्या वाटचा पेढा खाल्ला. चांगला होता. पण त्याबद्दल कॉलेजात कुणाला सांगितलं नाही.

आता माझं ऐका. दिवाळीनंतर मलाही सूट मिळणार आहे. दिवाळीत कपड्यांवर मिळते तशी नाही, तुमचीच. ऑफिसात सगळ्यांना माझी जन्मतारीख माझ्यापेक्षा जास्त पाठ झालीये. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की या वेळी फॉर्मच भरला नव्हता. दुसऱ्यांदा निकालाची यादी ऑफिसच्या ग्रुपवर आली. पास झालेल्यांचे नंबर. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर, मग मोबाइल तिरका धरून वाचली. चहाच्या वेळी सगळे एकदम पावसापाण्याचं बोलायला लागले. आमच्या शाखेत एक मुलगी आहे, आली तेव्हा तिला साधी फाइल बांधता येत नव्हती, टिपणी कशी लिहायची ते मी तिला शेजारी बसवून शिकवलं. ती पास झाली. गुणी आहे हो, मला तिचा राग नाही. तीच माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही कशाला टेन्शन घेता? तुम्हाला दिवाळीनंतर सूटच आहे ना.” तिला दिलासा द्यायचा होता. पण वरची एक जागा दिवाळीत भरतायत, तोवर मी पास झाले नाही तर ती या मुलीला जाईल, आणि मग मी लिहिलेल्या टिपण्या तिच्या टेबलावर जातील. ती खाडाखोड करणार नाही. संकोचाने जशाच्या तशा पुढे पाठवेल, आणि तेच मला सोसणार नाही.

घरी मी सांगितलं की निकाल राखून ठेवलाय. कोर्टात काहीतरी चाललंय, म्हणून सगळ्यांनाच पुन्हा बसायचंय. तुमचे जावई सातपूरच्या कंपनीत, त्यांना सरकारी कारभाराचं काहीही खरं वाटतं. तुमची नात यंदा बारावीला आहे. तिच्या खोलीच्या भिंतीवर मी तयार केलेलं वेळापत्रक आहे. पहिल्या पानाचं महत्त्व, पेन्सिलीची रेघ, कोरा प्रश्न सोडू नये, सगळं मी तिला दिलंय. तिचे सराव पेपर मी तपासते आणि लाल पेनाने लिहिते, ‘प्रश्न काय विचारलाय ते वाच.’ गेल्या महिन्यात तिला फिजिक्समध्ये कमी पडले, तर मी अर्धा तास ऐकवलं. ती खाली मान घालून उभी होती आणि मी बोलतच होते. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येत होता, पण थांबता येत नव्हतं. आई, तू कधीच नापास नाही ना झालीस, असं ती शेवटी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी म्हटलं, नाही.

गेल्या वेळच्या पेपरात काय झालं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तयारी झकास होती. नियम तोंडपाठ, वेळेची वाटणी चोख. शेवटचा मोठा प्रश्न, एका अर्जदाराचं गुंतागुंतीचं प्रकरण दिलं होतं, आपला निर्णय कारणांसह लिहा. मी दोन पानं लिहिली. मुद्दे, पोटमुद्दे, रेघा, समास, सगळं जिथल्या तिथे. वाचायला वेळही राखला होता. वाचत वाचत खाली आले तर माझ्याच अक्षरात शेवटची ओळ होती, ‘योग्य त्या आदेशार्थ सादर.’ नाना, मला ती लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. वीस-बावीस वर्षं रोज लिहिते आहे मी ती ओळ, हाताला सवयच झाली आहे. मी ती खोडली. मग तिच्या जागी काय लिहायचं ते सुचेना. खरंच सुचेना. अर्ज मंजूर करायचा की नाही, दोन्ही बाजू मला स्पष्ट दिसत होत्या आणि मला वाटत होतं की हे ठरवणारी मी कोण. खोडलेल्या ओळीखाली जागा कोरी ठेवून पेपर दिला. घरी येताना रिक्षात मी तुमच्यासारखी बोटं मोडत होते, ते उतरताना लक्षात आलं.

म्हणून आज जिन्यावर पाय थबकला. नापास होण्याची मला तेवढी भीती नाही. त्या वर्गात बसलं की ते माझ्या हातून पुन्हा होईल आणि मी तुमच्यासारखी दिसेन, याची मला लाज वाटत होती. हे लिहायला जड जातंय, पण खोटं लिहून काय उपयोग. शाळेत हुशार म्हणून जी मिरवले, ती तुमच्यासारखी होणार नाही याच हिशोबाने मिरवले. लोक म्हणायचे, बापावर नाही गेली हो पोरगी, आणि तुम्हीच सगळ्यांत जोरात मान हलवायचात. तेव्हा मला ते कौतुक वाटायचं. आता इथे बसून वाटतंय की मी तुमच्यावर गेलेच, पण तुमचं जे चांगलं होतं तेवढं सोडून. तुम्ही एकही पेपर बुडवला नाहीत. एसटीत उभ्याने जायचात, नापास व्हायला जायचात म्हणा ना, पण जायचात. आणि येऊन दारात सांगायचात. तुम्हाला वाईट वाटत नव्हतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. वाटत असणारच. पोरीच्या हारतुऱ्यांच्या गर्दीत ते वाक्य म्हणायला काय लागलं असेल, याचा मी आज पहिल्यांदा विचार केला. माझी लेक पोटात असताना, निवृत्तीच्या तोंडावर तुम्ही गेलात, नाहीतर हे विचारायला मी सरळ घरी आले असते. आले असते का, देव जाणे.

मघाशी तिचाच फोन आला. पेपर सुटल्याची वेळ बघून तिने बरोबर लावला. कसा गेला म्हणून विचारलं. आत्ता सांगावं असं एक क्षण वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. म्हणाले, “सोपा होता.”

“बघ, मी म्हटलं होतं ना,” ती म्हणाली. “आता दुपारच्याच्या आधी काहीतरी खाऊन घे. आणि झालेल्या पेपराचा विचार करत बसू नकोस.”

हेही मीच तिला शिकवलंय. मी बरं म्हटलं. मुलं गेटातून बाहेर पडत होती, घोळक्याने, उत्तरं ताडून बघत. सकाळचा तो मुलगा रसवंतीवर आला, मला ओळखलं, अदबीने थोडा लांब उभा राहिला. मॅडम, शेवटचा प्रश्न फार फिरवून विचारला होता हो, असं म्हणाला, जणू प्रश्नपत्रिका मीच काढली होती. मी म्हटलं, दुपारचा नीट वाचून लिही. रसवंतीवाल्या बाई गाळणं झटकता झटकता माझ्याकडे बघत होत्या. तो गेल्यावर त्यांनी न मागता बिनबर्फाचा रस आणून ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, दुपारच्याला तरी जाता ना?” त्या ‘तरी’वरून कळलं की त्यांना सकाळीच समजलं होतं. मी मान हलवली. पैसे घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

यंदापासून एका पेपरात पास झालं तर तो पुन्हा द्यावा लागत नाही. दुपारचा आज दिला तर सकाळचा पुढच्या खेपेला देता येईल, ती परीक्षा दिवाळीच्या आत आहे. म्हणजे अजून सगळं संपलेलं नाही. जाते आहे नाना. त्या मुलाच्या समोरून जाऊन बाकावर बसेन, त्याला काय वाटायचं ते वाटो. शेवटच्या ओळीत काय लिहीन ते सांगता येत नाही. जमलं तर ‘मी’ लिहीन आणि पुढे काहीतरी ठरवेन, चूक का असेना.

हे कागद बरोबर नेता येणार नाहीत. हाताने लिहिलेला कागद सापडला तर कॉपी म्हणून धरतील, आणि पर्समध्ये दडवून बाहेर ठेवले तरी संध्याकाळी तुमची नात दारातच पर्स ओढून घेते, प्रश्नपत्रिका बघायला. तेव्हा फाडून इथल्या चिपाडांच्या ढिगात टाकते. ती प्रश्नपत्रिका मागेल तेव्हा सकाळची आमच्याकडून परत घेतली असं सांगायचं, हे मी मघाशीच ठरवून ठेवलंय. बघा, एवढा निर्णय मात्र मला चटकन घेता आला. तुम्हाला सगळं लिहून झालं, पोटातलं ओझं बरंच हलकं झालंय, आणि आता घरी जाऊन कुणाला काही सांगायची तितकीशी गरज वाटत नाही. नाना, मला वाटतं मी त्याचसाठी लिहायला बसले होते.